मेंदूतील धमनीच्या फुग्यावर क्लिप बसवून चार महिने झाले. वडिलांचा थकवा आणि विसराळूपणा अजून का जात नाही?

आपल्या वडिलांचा थकवा, विसराळूपणा आणि जखमेभोवतीची बधिरता चार महिन्यांनंतरही टिकून आहे, असे आपण लिहिले आहे. फुगा फुटून रक्तस्राव झालेला असेल, तर अशी लक्षणे कित्येक महिने, कधी वर्षभराहून अधिक काळ रेंगाळतात. कवटी उघडताना कानशिलाचा स्नायू बाजूला करावा लागत असल्याने भाकरी चावतानाही जबडा आखडतो. तो बहुधा हळूहळू सुटतो.

अशाच शस्त्रक्रियेनंतर माझ्या आईला, आमच्या बीडच्या उन्हाळ्यात, दुपारी दोघे जण एकदम बोलले तरी सहन होत नसे. म्हणून तिची सारी कामे आम्ही सकाळीच आटोपू लागलो आणि प्रत्येक गोळीची खूण दिनदर्शिकेवर करू लागलो. (भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना आवरणे सर्वांत अवघड गेले.)

फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, रक्तदाब नियमित मोजावा आणि विडी-तंबाखू पूर्ण सोडावी. मात्र अचानक असह्य डोकेदुखी झाली, फिट आली, बोलणे अडखळले, एक बाजू लुळी पडली, जखमेतून पाणी आले, किंवा चालताना तोल जाऊन लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर पुढच्या तपासणीची तारीख न पाहता न्यूरोसर्जन असलेले रुग्णालय गाठावे.