चौकात समोरचं वाहन दिसत का नाही?

प्रश्न : सोलापुरात विजापूर रोडला गल्लीतून कार काढताना दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होता. तरी मोटरसायकल थेट बॉनेटजवळच दिसली. असं कसं?

बहुधा ती पुढच्या काचेच्या कडेला असलेल्या, छताला आधार देणाऱ्या खांबाआड होती. खांब 10 सेंटीमीटर रुंद आणि डोळ्यांपासून 60 सेंटीमीटरवर धरला, तर 20 मीटरवरचा सुमारे सव्वा मीटरचा पट्टा दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. मोटरसायकलचा बराचसा भाग त्यात लपतो. आणि खरा घात पुढेच आहे. दोघं आपापला वेग न बदलता एकाच जागी, एकाच क्षणी पोचणार असतील, तर ती गाडी तुम्हाला सतत एकाच कोनात दिसते. म्हणजे खांबाआड असली तर शेवटपर्यंत खांबाआडच!

म्हणून नुसती मान वळवू नका. कंबरेतून वाकून डोकं वीतभर पुढे-मागे करा. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघा आणि प्रत्येक ठिकाणी नजर क्षणभर थांबवा, कारण डोळे झरकन फिरताना मधलं चित्र मेंदूपर्यंत पोचत नाही. खात्री करायची तर उभ्या गाडीत बसून कुणाला तरी 20 मीटरवरून आडवं चालायला सांगा. धडधाकट माणूस खांबामागे गडप होतो.

प्रश्न : ताशी 40 किलोमीटरला ब्रेक दाबला की गाडी थांबते. चौकात आणखी हळू कशाला?

40च्या वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. आपल्याकडे रस्ते आखताना धोका दिसून, उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत 2.5 सेकंद धरतात. तेवढ्यात 28 मीटर संपले. हे 28 मिळून पूर्ण थांबायला 45 मीटर धरतात. 60च्या वेगाला 80 मीटर. कोपऱ्यावर फ्लेक्स किंवा उसाची ट्रॉली उभी असेल, तर तेवढा आडवा रस्ता दिसणारच कुठून? तिथे 20वर या, पाय आधीच ब्रेकवर ठेवा.

प्रश्न : हिवाळ्यात सकाळी सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना ऊन डोळ्यांवर येतं. काय करावं?

हा रस्ता आग्नेयेला जातो आणि हिवाळ्यात सूर्यही तिथूनच वर येतो. काच आतून पुसा. तिथला चिकट थर ऊन पसरवतो आणि वायपर त्याला पोचत नाही. आधी ओलं, मग कोरडं फडकं फिरवा. तुमच्या मागच्या चालकाच्या डोळ्यांवरही तेच ऊन असतं, म्हणून दिवे लावा आणि चौकाआधी ब्रेक एकदम न दाबता लवकर, हलका दाबा.