कोकणातल्या कॉलेजात राहून मेडिकल ह्युमॅनिटीजच्या संशोधनासाठी अनुदान कसं मिळवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सावंतवाडीकडच्या कॉलेजात मराठी शिकवता, माकडताप (गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप) होऊन गेलेल्यांच्या तोंडून आजाराची कथनं नोंदवायची आहेत, जोडीला जुन्या दवाखान्यांची दप्तरं बघायची आहेत, पण 'मेडिकल ह्युमॅनिटीज'ला, म्हणजे आजार आणि उपचारांकडे साहित्य, इतिहास, समाज या अंगांनी बघणाऱ्या अभ्यासाला, पैसे देणारं कोणी सापडत नाही.

त्या नावाने शोधलंत तर सापडणं कठीणच. आपल्या मोठ्या सरकारी अनुदान संस्था विद्याशाखेप्रमाणे विचार करतात, म्हणून अर्जात नाव बाजूला ठेवा आणि आपला प्रश्न कोणाच्या दारात बसतो ते ठरवा. 'माकडताप आणि मालवणी कथनं' हा विषय आयसीएसएसआरच्या (सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) परीक्षकाला साहित्याचा वाटेल आणि तो बाजूला ठेवेल. तोच विषय 'काजूच्या बागेत, लाकडाफाट्याला, पातेरा (पालापाचोळा) गोळा करायला जाणारी माणसं ताप आल्यावर आधी कुठे जातात आणि का' असा मांडला की सामाजिक विज्ञानाचा होतो, आणि कथनं ही त्याची पद्धत ठरते. यात फसवाफसवी नाही, प्रश्न उलट नेमका होतो. दवाखाने, देवीची लस, 1947 आधीची कागदपत्रं हा भाग मुख्य असेल तर आयसीएचआर (इतिहास संशोधन परिषद). निष्कर्ष आरोग्य यंत्रणेच्या कामी येणार असतील तर आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), पण तिथे डॉक्टर सहसंशोधक असल्याशिवाय जाऊ नये असं माझं मत. यूजीसीच्या लघुसंशोधन प्रकल्पांच्या आशेवर राहू नका, ती योजना मागे पडली. मुंबई विद्यापीठ संलग्न कॉलेजातल्या शिक्षकांना छोटं अनुदान देतं. रक्कम किरकोळ असली तरी त्यातून पाच-सहा मुलाखती करून ठेवल्या की मोठ्या अर्जाला वजन येतं. पीएच.डी. करणारा विद्यार्थी असेल तर त्याच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप बघा.

आरोग्यविषयक संशोधनाला पैसे देणाऱ्या लंडनच्या वेलकम ट्रस्टचं नाव या क्षेत्रात सगळे घेतात. अडचण पैसे इथे आणण्याची आहे. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी लागते, ती साधारणपणे तीन वर्षं जुन्या आणि त्या काळात किमान 15 लाख रुपये कामावर खर्च केलेल्या संस्थेला मिळते. 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावे लागतात, प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी पुढे देणं बंद झालं आहे. म्हणजे 'मुंबईची संस्था घेईल आणि आम्हाला देईल' ही वाट बंद. मुंबईच्या संस्थेनेच स्वतः खर्च करायचा आणि तुम्ही तिच्या प्रकल्पात काम करायचं, एवढंच शक्य आहे.

आता नैतिक समिती, म्हणजे माणसांवरचं संशोधन आधी तपासून मंजुरी देणारी समिती. मराठी विभागातून अर्ज करणारे ही पायरी विसरतात आणि मंजुरी तिथेच अडकते. रुग्णांशी बोलणार म्हटल्यावर आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. तुमच्या कॉलेजात समिती नसणार, तेव्हा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नोंदणीकृत समितीशी सामंजस्य करार करा. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवता येईल असं. हंगामात माणसाचा अर्धा दिवस घेतला तर त्याची मजुरी बुडते. ती भरून देण्याची तरतूद समितीकडून आधीच मंजूर करून घ्या, नंतर दिलेले पैसे आमिष ठरू शकतात. पुढे रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाकडे वळलात तर मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 99 वाचा: मुलाखतीला रुग्णाची स्वतःची संमती हवी. संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरचा अभ्यास मात्र ओळख गुप्त ठेवून करता येतो.

परवानगीची पत्रं योग्य टेबलावर गेली पाहिजेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाच पत्रात दोन्ही मागितलंत तर ते दोन्हीकडून परत येईल.

बजेटमध्ये सगळे चुकतात ते मुलाखती ऐकून लिहून काढण्याच्या कामात. 40 मुलाखती, प्रत्येकी दीड तास, म्हणजे 60 तासांचं ध्वनिमुद्रण. स्वच्छ प्रमाण मराठी असेल तर एका तासाला सहा तास लागतात, एकूण 360, म्हणजे रोज आठ तास बसून 45 दिवस. मालवणी, मागे पाऊस आणि मध्येच बोलणारी दोन माणसं असली की तासाला आठ धरा, म्हणजे 60 दिवस. हे काम पुण्या-मुंबईच्या एजन्सीला देऊ नका. बाईने 'गाऱ्हाणा घातला' म्हटलं तर तिथला माणूस तक्रार केली असं समजेल, आणि देवाला साकडं घालण्याची अख्खी पायरी तुमच्या विश्लेषणातून गळून जाईल. गावातली पदवीधर मुलगी नेमा आणि तिचं मानधन महिन्यावर नव्हे, ध्वनिमुद्रणाच्या तासावर दाखवा.

वेळापत्रक दिल्लीच्या आर्थिक वर्षावर बेतू नका. माकडतापाचे दिवस आणि काजूचा हंगाम एकाच वेळी, पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत येतात. त्याच काळात गोचीड वाढते आणि माणसंही रानात असतात. तेव्हा निरीक्षण करा, मुलाखती नकोत. जून-जुलैत लावणी, घरी कोणी भेटत नाही. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, घरातल्यांचं एकत्र बोलणं तेव्हाच मिळतं, पण आरती-भजनांतून तासभर सवड काढून घ्यावी लागते. सलग मुलाखतींसाठी भातकापणीनंतरचे दिवस बरे.

हिशेबाचं एक सांगून ठेवतो. अनुदान हप्त्यांनी येतं, शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मान्य झाल्यावर, तेव्हा तो खर्च आधी कॉलेजने करावा लागतो. प्राचार्यांकडून हे लेखी घ्या. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) जीएफआर, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या, 12-अ नमुन्यात, सीएच्या सहीच्या हिशेबासह. खात्यात पडून राहिलेल्या अनुदानावरचं व्याज तुमचं नसतं, सरकारजमा करावं लागतं. ते खर्चून टाकलं की पुढचा हप्ता अडकतो.

मंजुरीची वाट बघताना दप्तरांचं काम बिनपैशाचं सुरू करता येईल. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय इतिहासाचे अहवाल, त्यात वेड्यांची इस्पितळं, लसीकरण, महारोग, स्कॅन करून मोफत ठेवले आहेत. त्यातला कोकणचा भाग काढून यादी करा, आणि मग त्यात नसलेल्या फायलींसाठीच मुंबईच्या पुराभिलेखागारात जा.