रजिस्ट्रीतील बदल नव्या खात्यांत का उतरत नाही?

प्रश्न : प्रयोगशाळेत विंडोज ११ बसवताना फाइलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची .docx सारखी अक्षरे) दिसावीत म्हणून आम्ही उत्तर-फाइलीच्या (विंडोज आपोआप बसवण्याच्या सूचनांची फाइल) ‘स्पेशलाइझ’ टप्प्यात रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या, ‘करंट यूझर’ (चालू वापरकर्ता) शाखेत नोंद केली, पण विद्यार्थ्यांच्या खात्यांत ती दिसत नाही.

उत्तर : त्या टप्प्यातील आदेश ‘सिस्टिम’ या अंतर्गत खात्याच्या अधिकाराने चालतात, त्यामुळे ‘करंट यूझर’ म्हणजे तिथे तेच खाते ठरते आणि तुमची नोंद, बरोबर असूनही, कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. नवे खाते ‘यूझर्स’मधील ‘डीफॉल्ट’ या लपवलेल्या फोल्डरची नक्कल करून तयार होते. म्हणून त्यातील ‘एनटीयूझर डॉट डॅट’ ही खात्याच्या रजिस्ट्री-नोंदींची फाइल ‘रेग लोड’ या आदेशाने रजिस्ट्रीला जोडावी, एक्स्टेन्शन लपवणाऱ्या ‘हाइडफाइलएक्स्ट’ या नोंदीचे मूल्य ० करावे आणि ‘रेग अनलोड’ने ती सोडवावी. ही शेवटची पायरी अनेकजण गाळतात, ती गाळू नये. आधी तयार झालेल्या खात्यांवर याचा परिणाम होणार नाही.