विमान तासाचं, प्रवास अर्ध्या दिवसाचा

तिकिटावर सव्वा तास दिसला की हुरळून जाऊ नकोस. कोल्हापूर-हैदराबाद हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, ताशी पाचशेच्या वेगानं गेलं तरी हवेत तासभर लागतोच. वर तिकिटातली वेळ जागेवरून हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतची असते, म्हणून ती जास्त दिसते.

खरा वेळ खातो रस्ता! सांगलीतून उजळाईवाडी, म्हणजे कोल्हापूरचं विमानतळ, पन्नासेक किलोमीटर, पण जयसिंगपूर, हातकणंगले ओलांडताना उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे अडकलास की संपलं. एकदा मी पहाटेच्या गडबडीत चहाला थांबलो आणि शेवटी गेटवर धावतच गेलो. उसाच्या हंगामात विमानाच्या तीन तास आधी घर सोड. पावसाळ्यात वाटेतल्या कृष्णेवरच्या अंकलीच्या पुलाची खबर आदल्या रात्रीच काढ.