गेम रेकॉर्ड करताना एफपीएस अर्ध्यावर येतो, कॅप्चर कार्ड घेतलं तर फरक पडेल का?

भावा, कॅप्चर कार्डचे, म्हणजे बाहेरून आलेलं चित्र पीसीत घेणाऱ्या यंत्राचे, पैसे आधी खिशात परत ठेव. तू लिहिलंयस की प्रोसेसर आय५-९४००एफ, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० आणि ८ जीबी रॅम आहे, जीटीए ५ नुसता खेळताना ७०-७५ एफपीएस (सेकंदाला तेवढ्या फ्रेम) मिळतो आणि ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग चालू केलं की डायरेक्ट ३५, वरून व्हिडिओ पण अडखळत निघतो. डिट्टो हेच माझ्याकडे झालेलं, प्रोसेसर पण हाच, आणि मी येड्यासारखा दोन आठवडे ग्राफिक्स लो करत बसलेलो, गाड्या मातीच्या खेळण्यासारख्या दिसायला लागल्या तरी एफपीएस जागचा हलेना. हलणार कसा, लोड ग्राफिक्स कार्डवर नव्हताच ना.

तुझं ओबीएस बहुतेक एक्स२६४ नावाच्या एन्कोडरवर (व्हिडिओ दाबून फाईल बनवणारा भाग) चालतंय. सेटिंग्जमध्ये आऊटपुट उघड आणि एन्कोडरसमोर काय लिहिलंय ते बघ. एक्स२६४ असेल तर व्हिडिओ दाबून फाईल बनवायचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात. आता ९४००एफ ला सहा कोअर आणि थ्रेड पण सहाच, म्हणजे एका वेळी सहाच कामं, त्यात जीटीए रस्त्यावरची गर्दी, ट्रॅफिक, पोलीस मागे लागले की त्यांच्या गाड्या, हे सगळं प्रोसेसरवरच हाकतो. म्हणजे लग्नात आचाऱ्यालाच वाढायला पण उभं केल्यासारखं झालं, भात पण करपतो आणि पंगत पण ताटकळते.

तुझ्या कार्डात वाढपी फुकट बसलाय. एन्व्हिडियाने २०१२ च्या जीटीएक्स ६०० सिरीजपासून कार्डात व्हिडिओ एन्कोड करायचा वेगळा भाग दिलाय, एनव्हीएन्क म्हणतात त्याला, गेमचं चित्र काढणाऱ्या कोअरपेक्षा तो वेगळा असतो म्हणून त्याला कामाला लावलं तरी गेमला फारसं कळत नाही. साध्या १६५० मधला एन्कोडर १६५० सुपरपेक्षा एक पिढी जुना आहे, पण लाईव्ह स्ट्रीम नाही, घरच्या डिस्कवरच रेकॉर्ड करायचंय तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा लिहायचा) वाढवून देता येतो, डोळ्याला फरक दिसत नाही. (इतर कोणी वाचत असेल तर, जीटी १०३० आणि लॅपटॉपमधल्या एमएक्स१५०, एमएक्स२५० वाल्यांकडे हा भाग नाहीच, शोधत बसू नका.) आणि तुझ्या प्रोसेसरच्या नावातल्या एफ चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, त्यामुळे यूट्यूबवर क्विक सिंक (प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर एन्कोड करायची सोय) चालू करा म्हणून सांगतात ते तुझ्या कामाचं नाही.

तर आऊटपुट मोड अॅडव्हान्स्ड कर, रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये एन्कोडर एनव्हीएन्क एच.२६४, रेट कंट्रोल सीक्यूपी (यात बिटरेटऐवजी क्वालिटी ठरवून द्यायची), लेव्हल २० ते २३ (आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी), प्रीसेट पी४ किंवा पी५. खाली लुक-अहेड आणि सायको व्हिज्युअल ट्यूनिंग असे दोन टिक असतात (ओबीएसच्या आवृत्तीप्रमाणे नाव थोडं वेगळं असू शकतं) ते काढ, ते दोन्ही गेमवाल्याच कोअर वापरतात, छोट्या कार्डाला झेपत नाही.

एवढं केलंस की गेमचा एफपीएस बराचसा परत येईल. पण इथेच बरेच जण फसतात, गेम मख्खन चालतो आणि रेकॉर्डिंग मात्र झटके खात येतं, मग ओबीएसला शिव्या. कारण वाढपी वेगळा असला तरी स्वयंपाकघराचं दार एकच आहे, ओबीएसला प्रत्येक फ्रेमचा सीन जोडायला तेच ग्राफिक्स कार्ड थोडंसं लागतं, आणि गेमने कार्ड ९९ टक्के अडवून ठेवलं असेल तर ते देणार कुठून. ओबीएसमध्ये स्टॅट्स नावाची खिडकी आहे ती उघडी ठेवून दहा मिनिटं खेळ. रेंडरिंग लॅगसमोरचा आकडा वाढत असेल तर कार्डाला दम लागलाय, एन्कोडिंग लॅगचा वाढत असेल तर एन्कोडरला झेपत नाहीये. माझ्याकडे पहिलाच वाढत होता. मी गेमला ६० एफपीएसची कॅप लावली, सावल्या आणि गवत एकेक पायरी खाली आणलं, आणि ओबीएसवर राईट क्लिक करून रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर केलं, विंडोज १० आणि ११ मध्ये असं उघडलं की कार्डाच्या रांगेत ओबीएसला पुढचा नंबर मिळतो. आकडा शून्यावर येऊन बसला. व्हिडिओ ६० चाच बनणार आहे तर ७५ फ्रेम काढून उपयोग काय, सांग.

सोर्स (ओबीएस चित्र कुठून उचलतं ते) डिस्प्ले कॅप्चर ठेवला असशील तर गेम कॅप्चर कर, हलका पडतो. रेकॉर्ड सुरू झालं की ओबीएस मिनिमाईझ करून टाक, प्रिव्ह्यू काढायचं काम वाचतं.

फाईल एमकेव्ही फॉरमॅटमध्येच ठेव, प्लीज. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, आणि मी दीड तास एक मिशन सलग, एकदाही न मरता रेकॉर्ड केलेलं, शेवटी हेलिकॉप्टर उतरवतोय तेवढ्यात अंधार. एमपी४ ची फाईल होती, साईज १४ जीबी दाखवते पण कशातच उघडत नाही, कारण साध्या एमपी४ चा हिशेब शेवटी फाईल बंद करताना लिहिला जातो आणि तो लिहायच्या आतच लाईट गेलेली. एमकेव्ही असती तर जेवढं झालं तेवढं तरी मिळालं असतं. एडिटिंगला एमपी४ च लागत असेल तर ओबीएसच्याच फाईल मेन्यूत रिमक्स आहे, पुन्हा एन्कोड न करता फक्त फॉरमॅट बदलतं, काही सेकंदात होतं.

एसएसडी पण घ्यावी लागेल का असं विचारलंयस. रेकॉर्डिंगसाठी तरी नाही. समजा ४० मेगाबिटचा व्हिडिओ झाला तरी सेकंदाला ५ एमबी, तासाला १८ जीबी, एवढं लिहायला साधी हार्ड डिस्क पण पुरते, फक्त जागा बघ आणि गेम ज्या डिस्कवर आहे तिच्यावरच रेकॉर्ड करू नकोस.

आणि कॅप्चर कार्डचं म्हणशील तर ते दुसरा पीसी असेल किंवा प्लेस्टेशन रेकॉर्ड करायचं असेल तर. एकाच पीसीत लावलंस तर बाहेर गेलेलं चित्र फिरून त्याच पीसीत येणार आणि एन्कोड पण बहुतेक त्यालाच करावं लागणार, मग मिळवलं काय. त्यापेक्षा ८ जीबीची दुसरी रॅम स्टिक घे, आधीची डीडीआर४ कुठल्या स्पीडची आहे ते स्टिकरवर वाचून त्याच स्पीडची, आणि बोर्डच्या पुस्तकात दिलेल्या जोडीच्या स्लॉटमध्ये टाक म्हणजे ड्युअल चॅनल होईल, दोन्ही स्टिक एकत्र काम करतील. ८ जीबीत जीटीए, ओबीएस, डिस्कॉर्ड आणि मागे क्रोमचे वीस टॅब, हे मला पण नाही जमलं. आधी वरचं सगळं करून बघ, तरी अडलं तर स्टॅट्सच्या खिडकीचा फोटो खाली टाक, रात्री बघतो.