घरी नेट नाही, गृहपाठ मात्र नेटवर: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय इतक्या जणांनी विचारलाय की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त घरचं इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गृहपाठ ॲपवर टाकते आणि रात्री बारापर्यंत जमा करायला सांगते. काही ठरावीक मुलं कायम उशिरा जमा करतात किंवा करतच नाहीत, आणि विचारलं की एकच उत्तर, नेट नव्हतं. पण याच मुलांच्या हातात मी फोन बघितलाय, त्यामुळे विश्वास ठेवणं जड जातं. उशिराचे मार्क कापावेत का?

मॅडम, मार्क कापू नका. हातात फोन दिसणं आणि घरी अभ्यासापुरतं नेट असणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तो फोन बहुतेक वेळा त्या मुलाचा नसतोच, आईचा किंवा वडिलांचा असतो, ते कामावरून आल्यावर रात्री मिळतो, तोपर्यंत डेटा संपत आलेला असतो, शिवाय धाकट्या भावंडाचा अभ्यासही त्याच फोनवर असतो आणि मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. मग तुमच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात साडेदहानंतरची वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यात त्याने व्हिडिओ बघायचा, उत्तरं लिहायची, फोटो काढायचे, अपलोड करायचे. नेट नव्हतं म्हणतो तेव्हा तो एवढं सगळं एका वाक्यात उरकत असतो, कारण घरची ही सगळी कहाणी वर्गात उभं राहून कोण सांगणार.

अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये तिथल्या ग्रामीण भागातल्या आठवी ते अकरावीच्या तीन हजारांहून जास्त मुलांचा सर्व्हे केला होता, त्याचा अहवाल २०२० मध्ये आला. घरी नेट नसलेल्या मुलांपैकी ६४ टक्के मुलांनी सांगितलं की नेट किंवा कॉम्प्युटर नसल्यामुळे गृहपाठ कधी कधी किंवा बरेचदा अपुरा राहतो. घरी वेगवान नेट असलेल्या मुलांमध्ये हेच प्रमाण १७ टक्के होतं. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढेच आहे, ज्यांच्याकडे फक्त मोबाइलचं नेट होतं त्यांची अवस्था अजिबात नेट नसलेल्यांसारखीच निघाली, दोघांचेही ग्रेड कमी, आणि डिजिटल कौशल्यात तर घरी नेट असलेल्यांशी इतका फरक की जणू आठवीतला आणि अकरावीतला विद्यार्थी शेजारी बसवलाय. हे फक्त गरिबीमुळे असेल असंही म्हणता येत नाही, घरची आर्थिक परिस्थिती हिशोबात धरूनही फरक राहिलाच.

म्हणून आधी खरी माहिती काढा, पण हात वर करायला सांगून नाही, तसं केलंत तर ज्यांच्याकडे नाहीये ती मुलंही आहे म्हणून हात वर करतील. चिठ्ठी द्या, नाव लिहायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा, आणि "घरी नेट आहे का" असं विचारू नका कारण त्याला सगळे हो म्हणतात. विचारा की फोन कुणाचा आहे, किती वाजता मिळतो, घरात किती जण तो वापरतात, मोठी फाइल उघडते का, टाइप करायला कीबोर्ड आहे का. या पाच उत्तरांवरून तुमच्या वर्गाचं जे चित्र उभं राहील ते ॲपवरच्या लाल खुणांपेक्षा कितीतरी खरं असेल.

त्यानंतर आपलाच गृहपाठ समोर घेऊन बघा की यातल्या कुठल्या भागाला नेट खरंच लागतं. समजा तुम्ही जलचक्राचा बारा मिनिटांचा व्हिडिओ बघून पाच प्रश्न सोडवायला दिलेत, तर त्यातली चार उत्तरं पाठ्यपुस्तकात असतात, आणि पाचव्यासाठी लागणारा तुकडा दोन मिनिटांचा असतो जो तुम्ही वर्गातच दाखवू शकता. नेटची अट बरेचदा अशीच लागते, कुणी मुद्दाम लावत नाही, पण तिचा त्रास ठरलेल्या मुलांनाच होतो. आणि ती रात्री बाराची वेळ तर कृपा करून काढाच. जमा करायची वेळ शाळा भरल्यानंतरची ठेवा, वहीत लिहून आणलेलंही चालेल म्हणा, आणि कामाला एका रात्रीऐवजी तीन-चार दिवस द्या म्हणजे ज्याला नेट दोन दिवसांनी मिळतं त्यालाही जमेल.

प्रश्न: ताई, मी दहावीत आहे. आमच्याकडे वायफाय नाही, मी सगळा अभ्यास आईच्या फोनवर करते. प्रोजेक्टचे फोटो अपलोड करायला गेलं की मध्येच अडकतं आणि वेळ निघून जाते. माझ्या मैत्रिणी तेच काम लॅपटॉपवर अर्ध्या तासात करतात. मला वाटतं मीच हळू आहे.

तू हळू नाहीयेस गं. फोनच्या छोट्या स्क्रीनवर एकीकडे माहिती वाचायची, मग ती खिडकी बंद करून दुसरीकडे जाऊन अंगठ्याने टाइप करायचं, परत मागे यायचं तर पान पुन्हा लोड व्हायला लागतं, हे जिला रोज करावं लागतं तिला वेळ जास्त लागणारच, तिथे कुणीही असतं तरी लागला असता.

अपलोड का अडकतं ते सांगते. बहुतेक कनेक्शनमध्ये डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग बराच कमी असतो, म्हणून व्हिडिओ नीट चालतो पण फाइल पाठवताना गाडी थांबते. त्यात फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो, म्हणजे आठ पानांचं प्रोजेक्ट झालं पंचवीस-तीस एमबी. तेव्हा साधे फोटो पाठवू नकोस, फोनमधलं स्कॅन करायचं ऑप्शन वापर (बऱ्याच फोनमध्ये आधीच असतं, नसेल तर मोफत ॲप मिळतं), काळं-पांढरं निवड आणि सगळ्या पानांची एकच पीडीएफ कर. तीच आठ पानं एक-दोन एमबीत बसतील आणि सरांना वाचायलाही जास्त स्वच्छ दिसतील. फाइल तयार करायला नेट लागत नाही, त्यामुळे हे काम आधीच करून ठेव आणि नेट मिळाल्यावर फक्त पाठव.

लिहायचं आधी कागदावर. पूर्ण मसुदा वहीत झाला की टाइप करायला फोन थोडाच वेळ लागतो, नाहीतर विचार करण्यातच आईच्या फोनची सगळी वेळ संपते. डॉक्युमेंटच्या ॲपमध्ये ऑफलाइनची सोय असते ती चालू करून ठेव. दिवसभरात ज्या गोष्टी शोधायच्या आहेत त्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा, नेट मिळालं की त्या यादीप्रमाणे पानं उघडून सेव्ह करायची आणि वाचायची नंतर. किविक्स नावाचं मोफत ॲप आहे, त्यात विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की पुढे नेटशिवाय वाचता येतो, फाइल मोठी असते त्यामुळे ती शाळेत किंवा लायब्ररीत वायफायवर उतरवून घे.

ऑनलाइन तास असेल तर कॅमेरा बंद ठेवायची परवानगी माग. व्हिडिओसकट एक तास म्हणजे पाचशे एमबीपासून एक जीबीच्या वरही जातं, आणि दोन्हीकडचा व्हिडिओ बंद ठेवून नुसत्या आवाजाचा तास त्यापेक्षा फारच कमी डेटात होतो. आईच्या फोनमधले बाकीचे ॲप मागच्या मागे अपडेट होत असतील तर तेही बंद कर, बराचसा डेटा तिथेच जातो.

आणि एक गोष्ट नक्की कर, अपलोड अडकलं की त्याच क्षणी स्क्रीनशॉट घेऊन ठेव, वेळ दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमना तो दाखव आणि सांग की काम कालच पूर्ण झालं होतं, ही बघा वही. यात लाजण्यासारखं काही नाही, तू सवलत मागत नाहीयेस, केलेलं काम दाखवतेयस.

प्रश्न: नेट मिळालं की मुलं अभ्यास सोडून व्हिडिओ आणि गेममध्येच असतात हे घरोघरी दिसतं. मग ज्यांच्याकडे नाही त्यांचं खरंच नुकसान होतंय की उलट ती वाचतायत? मी दोन मुलांचा बाप आहे, प्रामाणिकपणे विचारतोय.

तुमची शंका पोकळ नाही, संशोधनातही तिला आधार आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये घरी कॉम्प्युटर नसलेल्या हजाराहून जास्त शाळकरी मुलांचा एक प्रयोग झाला, निम्म्यांना मोफत कॉम्प्युटर दिले, निम्म्यांना नंतर. २०१३ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात मार्क, परीक्षा, हजेरी कशावरच फरक दिसला नाही. पेरू देशात प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायची मोठी योजना झाली, तिथेही गणित आणि भाषेत सुधारणा आढळली नाही. म्हणजे घरात यंत्र आणून ठेवलं की मूल हुशार होतं हा समज आपण सोडायलाच हवा.

पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत असं मला वाटतं. नेटमुळे मार्क वाढतात का, हा एक प्रश्न, आणि शाळा नेटवर काम मागत असताना ज्याच्याकडे ते नाही त्याचं काय होतं, हा अगदी दुसरा. तुमच्या मुलांना तुम्ही फोन बाजूला ठेव असं सांगू शकता, कारण काम झाल्यावर ठेवायला तुमच्याकडे फोन आहे. ज्याच्याकडे नाहीच त्याला निवडीची संधीच नाही, त्याची सूचना चुकते, बदललेलं वेळापत्रक कळत नाही, ग्रुपवर सरांनी टाकलेलं उदाहरण बघायला मिळत नाही आणि वर्गात तो तयारी न करता आलेला ठरतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळ्या जगाने बघितलं. त्याच वर्षी युनिसेफ आणि आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी अंदाज दिला की ३ ते १७ वयोगटातल्या दोन-तृतीयांश मुलांकडे, म्हणजे सुमारे १३० कोटी मुलांकडे, घरी इंटरनेट नाहीये. आणि नेट असूनही सगळं सुरळीत होत नाही हेही तेव्हाच दिसलं, नेदरलँड्समध्ये जवळजवळ प्रत्येक घरात ब्रॉडबँड आहे, तरी आठ आठवड्यांच्या बंदनंतर मुलं सरासरी शाळेच्या वर्षाच्या पाचव्या भागाइतकी मागे पडली, आणि ज्यांचे आई-वडील कमी शिकलेले होते त्यांचं नुकसान बरंच जास्त होतं. त्यामुळे माझं मत असं आहे की नेट पोचवायलाच हवं, पण तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही, शेजारी बसून "कुठे अडलंय" विचारणारं माणूसही लागतं. तुम्ही ते दोन मुलांसाठी करत असणार, नाहीतर हे पत्र लिहिलं नसतं.

प्रश्न: मुलगा शाळेत सांगतच नाही की आपल्याकडे नेट नाही. गृहपाठ विसरलो म्हणतो आणि ओरडा खातो. त्याला सांग म्हटलं तर रडतो. काय करू?

ताई, त्याला सांगायला लावू नका, तुम्ही सांगा. वर्गशिक्षकांना एकटं गाठून किंवा दोन ओळींची चिठ्ठी देऊन, आणि त्यात हेही लिहा की वर्गात सगळ्यांसमोर विचारू नये. मुलं आळशी ठरायला तयार होतात पण गरीब ठरायला तयार होत नाहीत. आणि घरी त्याला एवढं कळू दे की विसरलो म्हणायची गरज नाही, तुम्ही शाळेत बोलून आलायत.

प्रश्न: मी एका शाळेचा मुख्याध्यापक आहे. प्रत्येक मुलाला टॅबलेट द्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. मोठा खर्च न करता काय करता येईल?

सर, बऱ्याच शाळांमध्ये कॉम्प्युटरची खोली तास संपला की कुलूपबंद होते. ती शाळा सुटल्यावर तासभर उघडी ठेवा, शिक्षक पाळीपाळीने बसतील. दाराबाहेर "नेट नसलेल्यांसाठी" अशी पाटी लावू नका, नाहीतर ज्यांना गरज आहे तेच येणार नाहीत, अभ्यासाची खोली म्हणा आणि सगळ्यांना येऊ द्या. ज्या मुलांना सुटल्याबरोबर निघावं लागतं, कुणाला लांब जायचं असतं, कुणाला घरी जाऊन लहान भावंडं सांभाळायची असतात, त्यांच्यासाठी मधल्या सुट्टीतही खोली उघडी हवी, ही मुलं नेहमी हिशोबातून सुटतात.

कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, लर्निंग इक्वालिटी या ना-नफा संस्थेने खास नेट नसलेल्या ठिकाणांसाठी बनवलेलं. शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर धडे, व्हिडिओ, सराव एकदा भरून ठेवले की साध्या राउटरवरून बाकीच्या मशीनना किंवा फोनना ते बाहेरच्या नेटशिवाय वापरता येतं. एखाद्या उत्साही शिक्षकाला थोडा वेळ दिलात तर तो बसवून देईल.

याच्याही आधी एक काम आहे ज्याला काहीच पैसे लागत नाहीत. पुढच्या शिक्षक बैठकीत सगळ्या विषयांचा एका आठवड्याचा गृहपाठ टेबलावर मांडा आणि नेट लागणारी कामं बाजूला काढा. एकटे विज्ञानाचे सर म्हणतात माझं तर एकच काम असतं, गणिताचंही एकच, भाषेचंही एकच, पण एका फोनवर ती सगळी एकाच रात्री येऊन पडतात. नेट लागणारं काम आठवड्यातून जास्तीत जास्त दोनदा, आणि त्यातही कागदावरचा पर्याय सगळ्यांना खुला, असा नियम करून बघा आणि एका सत्रानंतर न आलेले गृहपाठ मोजा. आकडे मला जरूर कळवा, पुढच्या एखाद्या अंकात शाळेचं नाव न देता छापेन, बाकीच्या शाळांना उपयोग होईल.