माणसांतला फरक की मोजपट्टीतला?

प्रश्न : मी साताऱ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. स्पेशल विषय मानसशास्त्र. जर्मनीतील ओस्नाब्रुक विद्यापीठात आंतरसांस्कृतिक मानसशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे असे कळल्यापासून तोच करावा असे मनाने घेतले आहे. मला नाना तऱ्हेच्या माणसांत मिसळायला आवडते. वडील मात्र म्हणतात, "परक्या माणसांशी कसे वागावे हे शिकायला एवढा खर्च कशाला?" या विषयात नेमके काय शिकवतात? पुढे मला समुपदेशक म्हणून काम करता येईल का?

उत्तर : वडिलांचा प्रश्न रास्त आहे. केवळ चारचौघांत मिसळण्यासाठी कोणी हा अभ्यासक्रम करू नये. ते गुण घरात आणि गावात लागतात. हा विषय मुळात मोजमापाचा आहे. दोन समाजांतील माणसांची उत्तरे वेगळी आली, तर माणसे खरोखर वेगळी आहेत की आपली मोजपट्टीच एका बाजूला फसवी ठरते आहे, हे ठरवण्याची शिस्त येथे शिकावी लागते.

अनुभवातले एक उदाहरण देतो. वृद्धांच्या एकाकीपणाविषयीची एक इंग्रजी प्रश्नावली आम्ही मराठीत आणत होतो. रीतीप्रमाणे एकाने मराठी भाषांतर केले आणि मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत नेले. "मला एकटे वाटते" हे विधान कागदावर बिनचूक ठरले. पण एका गावात सत्तरी ओलांडलेल्या आजींना ते वाचून दाखवले, तेव्हा त्या जवळजवळ रागावल्या. "एकटी कशी? घर भरलेलं आहे माझं." त्यांनी "अजिबात नाही" या रकान्यावर खूण करायला सांगितली. कागद आवरताना मात्र आपणहून म्हणाल्या, "पण हल्ली करमत नाही बघ." आम्ही जे शोधत होतो ते त्या एका शब्दात होते, आणि तो आमच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हता. भाषांतर शुद्ध असूनही मोजमाप चुकू शकते, हे मला त्या दिवशी जितके समजले तितके कोणत्याही व्याख्यानात समजले नव्हते. पुढचा प्रश्न याहून अवघड आहे : "करमत नाही" हे इंग्रजीतल्या एकाकीपणाचेच दुसरे नाव आहे, की मनाची ती अवस्थाच निराळी आहे? त्याचे उत्तर संख्याशास्त्राच्या आधाराने शोधावे लागते, आणि पदव्युत्तर अभ्यासाचा मोठा भाग याच कामात जातो. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर ही वाट आताच सोडलेली बरी.

मोजपट्टीविषयीची ही शंका नवी नाही. १८९८ साली केंब्रिजहून ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधील टॉरेस सामुद्रधुनीकडे गेलेल्या मोहिमेत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने तेथील रहिवाशांची दृष्टी आणि दृष्टिभ्रम तपासले, आणि पुढे तशाच चाचण्या निलगिरीतील तोडा लोकांवरही केल्या. विषयाला स्वतःची संघटना आणि नियतकालिक मिळाले ते मात्र १९७०च्या सुमारास. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या मानसशास्त्राला एक खडा प्रश्न विचारला : प्रयोगांत भाग घेणारे बहुतेक जण पाश्चात्त्य, शिकलेल्या आणि सधन समाजांतले असताना त्यांच्यावरून सगळ्या मनुष्यजातीविषयी निष्कर्ष कसे काढता येतील? आपल्या देशातही अलाहाबादचे मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हा यांच्यासारख्यांनी पाश्चात्त्य निष्कर्ष जसेच्या तसे भारतीयांना लावू नयेत, असा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांचे लेखन तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले तर प्रवेशअर्जाआधी अवश्य वाचा.

ओस्नाब्रुकचे नाव तुम्ही घेतले आहे म्हणून सांगतो, हायडी केलर या मानसशास्त्रज्ञांनी तेथे बरीच वर्षे अध्यापन केले. त्यांनी कॅमेरूनमधील न्सो शेतकरी कुटुंबे आणि जर्मनीतील शहरी मध्यमवर्गीय कुटुंबे यांची तुलना केली. जर्मन आया बाळाला समोर ठेवून त्याच्या नजरेला नजर देत बोलतात, तर न्सो आया त्याला अंगाशी धरून हलवतात, उचलतात. पुढे आरशातल्या प्रतिमेत स्वतःला ओळखणे जर्मन मुलांना लवकर जमले, आणि सांगितलेले ऐकून स्वतःला आवरणे न्सो मुलांना. आपल्याकडे पायांवर बाळ आडवे घेऊन तेल चोळणाऱ्या आजीला अडाणी ठरवण्याची घाई ज्यांना होते, त्यांनी हे संशोधन जरूर वाचावे.

आता व्यवहाराचे. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत मानसशास्त्र बहुतांशी जर्मन भाषेतच शिकवले जाते; म्हणून वरच्या पातळीचे जर्मन आधी हवे, आणि त्याला शून्यापासून सहज दोन वर्षे जातात. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट या दोन्ही ठिकाणी सोय आहे. दुसरा अडसर तुमच्या पदवीचा. तेथे मानसशास्त्राच्या पदवीत संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे पुरेसे श्रेयांक पाहतात, आणि आपल्या बी.ए.त स्पेशल विषयाबरोबर इतर विषयांचे पेपर असल्याने तेथेच अर्ज अडण्याची शक्यता असते. अभ्यासक्रमाची प्रत घेऊन एकेक पेपर त्यांच्या अटींशी ताडून पाहा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्रही, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा जर्मन दाखला, लागते. खर्चाबाबत वडिलांना सांगा की ओस्नाब्रुक ज्या नीडरझाक्सन राज्यात आहे तेथील सरकारी विद्यापीठे पहिल्या पदव्युत्तर पदवीसाठी शिक्षणशुल्क घेत नाहीत, सत्रागणिक ठरावीक वर्गणी घेतात. मात्र राहण्या-जेवण्यासाठी वर्षाचे पैसे खात्यात आधी भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे.

समुपदेशनाविषयी स्पष्ट सांगायला हवे. या पदवीने जर्मनीत मनोपचाराचा परवाना मिळत नाही. त्याचा मार्ग २०२०च्या कायद्याने वेगळा आखून दिला आहे. भारतातही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती या पदवीवर होत नाही. समोर बसलेल्या माणसाचे दुःख हलके करणे हीच तुमची खरी ओढ असेल, तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी उपयोजित मानसशास्त्र घ्या. आंतरसांस्कृतिक अभ्यासातून मिळणारे काम निराळे : संशोधन, विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांचे विभाग, आणि स्थलांतरितांबरोबर काम करणाऱ्या संस्था. जर्मनीत २०१५ या एका वर्षात सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी आले. त्यांच्या मुलांची शाळेत चाचणी घेताना भाषेची अडचण ही बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाऊ नये, यासाठी असे शिक्षण घेतलेली माणसे लागतात. हे काम मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : मी पुण्यातील एका जर्मन कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. दोन्हीकडच्या सहकाऱ्यांत गैरसमज होतात. त्यासाठी ही पदवी घ्यावी का?

उत्तर : नोकरी सोडून घेण्याची गरज नाही. तुमच्याकडे होणाऱ्या प्रशिक्षणात बहुधा खेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाचे संस्कृतींतील फरकांचे देशवार आकडे दाखवत असतील. ते मुळात १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरचे आहेत आणि देशांची सरासरी सांगतात. समोरच्या एका जर्मन अभियंत्याला किंवा तुमच्या विदर्भातल्या सहकाऱ्याला ते लावू नयेत. त्यापेक्षा मागच्या सहा महिन्यांतले गैरसमज एका वहीत लिहून काढा : कोण काय म्हणाले, दुसऱ्याने त्याचा काय अर्थ घेतला. आपल्याकडचे "बघतो" आणि "करून टाकू" हे शब्द त्यांना होकारासारखे वाटतात का, ते आधी तपासा.